पकड

रुपयाचं नाणं खाजामियाने टायरच्या खाचेत उभं धरलं
आणि ते जवळजवळ सगळंच बाहेर उरलं.
"मॅडम, हे टायर नाही. टक्कल आहे."

माजलगावच्या बायपासला त्याचं दुकान.
एक कॉम्प्रेसर, आणि पाण्याचा टब,
ज्यात बुडवली की ट्यूब आपलं दुखणं
बुडबुड्यांनी सांगते.
माझी गाडी बारा इंची चाकांची,
पहाटे साडेपाचला निघते
उपाशीपोटी बसलेल्या माणसांचं रक्त गोळा करायला.
पात्रुड, नित्रुड, दिंद्रुड.

थंडी इथे बर्फ घेऊन येत नाही.
ती उसाच्या ट्रॉल्यांमागून येते.
चाकांना धरून शेतातली काळी माती डांबरावर चढते,
रात्रभर तिच्यावर दव पडतं,
आणि सकाळी रस्ता
भिजत पडलेल्या साबणाच्या वडीसारखा
गप्प.

मंगळवारी कालव्याच्या वळणावर
गाडीने मागून गिरकी घेतली.
चौतीस नळ्या डब्यात किणकिणल्या,
फुटली एकही नाही.
पण त्या दिवशी प्रत्येक दंडावर
शीर मी दोनदा चाचपली.

खाजामियाने भाव सांगितले,
समोरच्याची नाडी बघत सांगावेत तसे.
नवे चार, साडेबारा हजार.
रिमोल्ड निम्म्याहून कमी, "पण उन्हाळ्यात पापुद्रा सुटला
तर मला फोन नक्को."
पुण्याहून आलेले जुने, नऊशेला एक,
कुणाच्या गाडीखाली काय काय बघून आलेत
त्यांचं त्यांना ठाऊक.
ट्रॅक्टरची एक गंजकी साखळीही त्याने हौसेने काढली:
"ही लावा, चिखल सलाम करेल.
डांबरावर आलात की मात्र आख्खं गाव उठेल."

लॅबच्या डॉक्टर इटकरांनी मंजूर केले होते तीन हजार.
"तीन हजारात काय येतं, मियाँ?"
"एक टायर नवा.
वरून चहा, माझ्याकडून."

मी मनात मांडत गेले.
नमुन्यामागे मला वीस रुपये,
म्हणजे दिंद्रुडची साखर आणि पात्रुडचं थायरॉईड
मिळून एक चाक.

दोन तरी घेऊ, म्हटलं.
तर आता पुढे लावायचे का मागे?
पंक्चर काढायला थांबलेला ट्रॉलीवाला अंबादास मध्येच बोलला,
"इंजिन पुढं हाय, वढायलंय पुढचंच. नवे पुढं टाका."
खाजामिया पाना खाली ठेवून म्हणाला,
"तोंडावर पडला तर माणूस हात टेकतो.
मागून घसरला तर काय टेकतो?"
अंबादासला उत्तर सुचलं नाही. मलाही.
नवे मागे बसले.
वरचे पैसे माझ्या पाकिटातून गेले,
ते मी घरी अजून सांगितलेले नाहीत.

शुक्रवारी त्याच वळणावर गाडी सरळ राहिली.
मग पुढे, नित्रुडच्या अलीकडे,
भरल्या ट्रॉलीला वाट द्यायला मी साइडपट्टीवर उतरले
आणि पुढची दोन जुनी चाकं
काळ्या चिखलात जागच्या जागी गरगरत राहिली.
अंबादास बरोबर होता.
खाजामियाही.
साडेतीन हजारांचं शहाणपण अजून बाकी होतं.

ट्रॉली लांब गेली.
मागे रस्ताभर सांडत गेली पाचट,
कोरडी, करकरीत, फुकटची.
मी वाकले, कवळभर उचलली,
दोन्ही चाकांखाली कोंबली, हाताने, मग पायाने.
दुसरा गिअर. हळू. अजून हळू.
पाचटीने दात लावले
आणि गाडी डांबरावर आली,
उठवल्यावर म्हैस येते तशी, उपकार केल्यागत.

आता डिकीत नळ्यांच्या डब्याशेजारी
एक बारदान असतं, पाचटीने गच्च भरलेलं.
खर्चाच्या कागदावर त्याच्यासाठी रकाना नाही.

नित्रुडला म्हातारे भीमाशंकरअप्पा बाही वर करून
कधीचे ओट्यावर बसले होते.
माझ्या कोपरापर्यंतच्या चिखलाकडे बघून म्हणाले,
"आधी तू चहा घे, बाई. मला काय, उपासच हाय."
मी म्हटलं, आधी पाणी द्या.
हात धुते.